मृगाच्या आधीची मोजणी

लातूर, परभणी, हिंगोली, वाशीम, बुलढाणा या पट्ट्यात मे महिना निम्मा सरला की घराघरांत दोनच प्रश्नांवर बोलणं चालतं. पाऊस कधी येणार आणि बियाणं कोणतं घ्यायचं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुणाच्याच हातात नाही. दुसऱ्याचं उत्तर द्यायला दुकानदार असतो, शेजारी असतो, मोबाइलवर फिरणारे संदेश असतात. मात्र ज्या गोष्टी खरोखर आपल्या हातात आहेत आणि ज्यांना फारसा पैसाही लागत नाही, त्या नेमक्या या गडबडीत मागे राहतात. घरातलं बी शंभरात किती उगवतं, पेरणी यंत्रातून ते एकरी किती पडतं, आणि ते पडेल त्या दिवशी जमिनीत किती खोलवर ओल असेल, ही ती तीन मोजमापं. दुबार पेरणीची वेळ आली की आपण आभाळाकडे बोट दाखवतो. पाऊस दगा देतो हे खरंच आहे. पण ज्याने ही तीन मोजमापं केलेली नसतात, त्याला तोच दगा फार महाग पडतो.

या प्रकरणात सोयाबीन घेतलं आहे, कारण ऐंशीच्या दशकानंतर या पिकाने मराठवाडा-विदर्भाचा खरीपच बदलून टाकला, आणि पेरणीच्या वेळी सगळ्यांत नाजूक वागणारं बीही याच पिकाचं. ज्वारीचं बी हलगर्जीपणा बराच सोसतं. सोयाबीन सोसत नाही. त्याचं टरफल भुईमुगाच्या दाण्यावरच्या तांबड्या सालीइतकं पातळ असतं आणि कोंब त्या सालीच्या अगदी खाली, कडेला असतो. मळणी यंत्राचा वेग जास्त असला, पोती उंचावरून आपटली, थप्पी सात-आठ पोत्यांहून उंच लावली, तर वरून दाणा धड दिसतो आणि आतला कोंब मेलेला असतो. दाणा तेलकट असल्यामुळे दमट हवेत आणि उन्हाळ्याच्या उकाड्यात त्याची उगवणशक्ती झपाट्याने घटते. म्हणून दिवाळीला तपासलेलं बी जूनमध्ये तसंच असेल, असं धरून चालता येत नाही.

याचा मोठा धडा राज्याने २०२० मध्ये घेतला. आदल्या वर्षी, २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऐन काढणीला अवकाळी पावसाने झोडपलं. शेंगा शेतातच भिजल्या आणि त्याच मालातून पुढच्या हंगामाचं बियाणं तयार झालं. २०२० च्या जूनमध्ये पाऊस वेळेवर आला, पेरण्या झाल्या आणि शेतंच्या शेतं उगवली नाहीत. तक्रारींचा पाऊस पडला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. त्या वर्षी दोष बियाण्याचा होता, यात वाद नाही. पण त्याच गावांत ज्यांनी पेरणीआधी पोत्यातलं बी ओल्या गोणपाटात घालून पाहिलं होतं, त्यांच्यावर ते बी मातीत घालण्याची वेळ आली नाही.

ही चाचणी घरच्या घरी होते. जितकी पोती असतील त्या प्रत्येकातून, वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ बी काढा आणि एकत्र करा. फक्त वरच्या थरातलं घेऊ नका. तळातल्या बियाला जमिनीचा ओलावा लागलेला असू शकतो. या ढिगातून न निवडता शंभर दाणे मोजा. इथेच बहुतेकांचा हात नकळत टपोऱ्या दाण्यांकडे जातो आणि निकाल फसवा येतो. जे पेरायचं तेच मोजायचं, फुटका दाणा आला तर तोही शंभरात. गोणपाटाचा तुकडा स्वच्छ धुऊन ओला करा, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट अंथरा आणि सैल गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडायचं, पण गुंडाळीतून पाणी ठिबकत राहील इतकं नाही. गोणपाट नसेल तर वर्तमानपत्राच्या चार घड्या घालूनही हेच करता येतं.

पाचव्या दिवशी गुंडाळी उघडा. आता मोजायचं आहे ते मोड आलेलं प्रत्येक बी नव्हे, तर रोप होऊ शकेल असं बी. मूळ सरळ आणि पांढरं, दांडा अखंड, दोन्ही दलं बहुतांशी शाबूत, तर ते चांगलं. नुसतं टोक बाहेर येऊन थांबलेलं, मूळ नसलेलं, दलं तडकून गळालेली, दांडा पिळवटलेला, बुरशीने वेढलेलं, ही सगळी नापास. जे दाणे अजून नुसते फुगलेले आहेत त्यांना आठव्या दिवसापर्यंत मुदत द्या. शंभर दाण्यांच्या एकाच चाचणीत योगायोगाचा भाग बराच असतो. त्याच ढिगाचे दुसरे शंभर घेतले तर आकडा सात-आठने इकडेतिकडे सहज होतो. म्हणून तीन वेळा, म्हणजे तीनशे दाणे तपासा आणि सरासरी काढा. शासकीय प्रयोगशाळाही एवढ्याचसाठी चारशे दाणे घेते.

प्रमाणित सोयाबीन बियाण्याची किमान उगवणशक्ती ७० टक्के ठरवलेली आहे. ६० टक्क्यांच्या खाली निघालं तर ते बी पेरू नका, मोंढ्यावर विका. ६० ते ७० च्या मध्ये निघालं तर बियाण्याचं प्रमाण वाढवून ते वापरता येतं. किती वाढवायचं, याचा हिशेब एका ओळीचा आहे, पण तो समजून घेतला तर पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही.

दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन रोपांत ५ सेंटिमीटर अंतर ठेवलं तर हेक्टरी साधारण ४ लाख ४४ हजार झाडं बसतात, एकरी पावणेदोन लाखांहून थोडी जास्त. मध्यम आकाराच्या सोयाबीनचे शंभर दाणे सुमारे १२ ग्रॅम भरतात. म्हणजे ३० किलो बियाण्यात अडीच लाख दाणे. त्यातले ७० टक्के उगवले की पावणेदोन लाख झाडं. विद्यापीठं एकरी २६ ते ३० किलो सांगतात ते याच गणितातून. उगवणशक्ती ६५ निघाली तर ३० ला ७० ने गुणा आणि ६५ ने भागा, ३२ किलोंच्या थोडं वर उत्तर येईल. ६० निघाली तर ३५ किलो.

आता यातली एक गोष्ट जी दुकानात कुणी सांगत नाही. ३० किलो हा आकडा १२ ग्रॅमच्या दाण्यासाठी आहे. वाण बदलला की दाण्याचा आकार बदलतो. बारीक दाण्याच्या वाणाचे शंभर दाणे १० ग्रॅम भरले तर तेवढ्याच झाडांना २५ किलो पुरतं. टपोऱ्या दाण्याचे १४ ग्रॅम भरले तर ३५ किलो लागतं. सराफाच्या काट्यावर शंभर दाणे तोलून आणायला पाच मिनिटं लागतात. वर्षानुवर्षं एकच पिशवी एका एकरात रिकामी करणारे लोक एका वाणाची पेरणी दाट आणि दुसऱ्याची विरळ करून बसतात, आणि मग दोष वाणाला देतात. दाट पेरणीत झाडं उंच, लवकी आणि कमी शेंगांची होतात, शिवाय हवा खेळत नसल्याने रोग वाढतात. जास्त बी म्हणजे जास्त पीक हा समज सोयाबीनमध्ये चुकीचा आहे.

घरचं बियाणं वापरावं का, याला माझं उत्तर निःशंक होय असं आहे. सोयाबीन स्वपरागसिंचित पीक आहे. फुलात फूल मिसळून वाण बिघडण्याची भीती फार कमी. एकदा प्रमाणित बियाणं आणलं की त्याचं पीक पुढची दोन वर्षं बियाणं म्हणून चालतं. ज्या पिकाला दरवर्षी संकरित बी घ्यावंच लागतं, त्याची सवय सोयाबीनला लावून घेण्याची गरज नाही. वाण म्हणाल तर १९९४ मध्ये प्रसारित झालेला जेएस-३३५ अनेक वर्षं सगळीकडे होता. आता परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे एमएयूएस-७१, १५८, १६२ आणि ६१२, राहुरीच्या विद्यापीठाचे फुले संगम आणि फुले किमया, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे सुवर्ण सोया आणि पीडीकेव्ही अंबा असे पर्याय आहेत. हलक्या जमिनीत, जिथे सप्टेंबरात ओल संपते, तिथे लवकर येणारा वाण घ्या. भारी जमिनीत थोडा उशिराचा चालतो. सगळ्या रानात एकच वाण लावू नका. पावसाचा खंड फुलोऱ्यात पडेल की दाणे भरताना, हे जूनमध्ये कळत नाही. दोन वेगवेगळ्या मुदतीचे वाण असले तर दोन्ही एकदम सापडत नाहीत.

विकत घेणार असाल तर पिशवीवरची चिठ्ठी वाचा. पांढरी चिठ्ठी पायाभूत बियाण्याची, निळी प्रमाणित बियाण्याची. सत्यप्रत बियाण्यावर फिक्या हिरव्या रंगाची चिठ्ठी असते. त्याच्या दर्जाची हमी विकणाऱ्याची स्वतःची असते, प्रमाणीकरण यंत्रणेची नव्हे. लॉट क्रमांक, तपासणीची तारीख, वैधतेची मुदत पाहा आणि हाच लॉट क्रमांक पावतीवर लिहून घ्या. पावतीशिवाय बियाणं घेऊ नका, ओळखीचा दुकानदार असला तरी. पिशवी फोडताना शिवण असलेली बाजू सोडून खालून फोडा, म्हणजे चिठ्ठी जागच्या जागी राहते. प्रत्येक लॉटचं मूठ-दोन मूठ बी कागदी पाकिटात बाजूला ठेवा. उगवलं नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करताना या चारही गोष्टी लागतात: पावती, पिशवी, चिठ्ठी, नमुना. तालुका पातळीवरची समिती शेतात येऊन पाहणी करते आणि पंचनामा होतो. तो होईपर्यंत रान मोडू नका. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात स्पष्ट केलं की बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक न्यायालयात दाद मागू शकतो. हा हक्क कागदावर असला तरी पुरावा मात्र तुमच्या घरातल्या पिशवीतच असतो.

विकत आणलेल्या बियाण्याचीही चाचणी घ्या. चिठ्ठीवरची तपासणी काही महिन्यांपूर्वीची असते, आणि मधल्या काळात ते बी कोणत्या पत्र्याच्या गोदामात कोणत्या उन्हात तापलं हे चिठ्ठी सांगत नाही. आठ दिवस हाताशी राहतील अशा बेताने खरेदी करा.

दुसरं मोजमाप पेरणी यंत्राचं. तिफणीवर चाड्यात बी सोडणाऱ्या बाईच्या मुठीत वर्षांचा अंदाज असायचा. ट्रॅक्टरचं यंत्र आलं तेव्हा तो अंदाज गेला आणि त्याच्या जागी यंत्रावरचा काटा आला, जो कुणी तपासत नाही. भाड्याचं यंत्र आदल्या दिवशी दुसऱ्याच्या रानात दुसरा वाण पेरून आलेलं असतं. म्हणून पेरणीच्या आदल्या दिवशी हे करा. यंत्रात बी भरा, प्रत्येक नळीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधा आणि दात जमिनीत न घालता, चाक मात्र फिरेल अशा रीतीने मोजून २० मीटर चालवा. एका एकरात ४५ सेंटिमीटरवर पेरलेल्या ओळींची एकूण लांबी जवळपास ९ हजार मीटर होते. ३० किलो पाडायचं असेल तर मीटरला सव्वातीन ग्रॅमच्या थोडं वर, म्हणजे २० मीटरला प्रत्येक पिशवीत ६५ ते ६७ ग्रॅम बी यायला हवं. कमी-जास्त आलं तर काटा फिरवा आणि पुन्हा चालवा. एखाद्याच पिशवीत निम्मं आलं तर ती नळी तुंबली आहे. हे शेतात कळायला पंधरा दिवस लागतात आणि तोवर ओळीच्या ओळी रिकाम्या दिसू लागतात. पिशवीत पडलेले दाणे निरखून पाहा. फुटके दाणे वाढले असतील तर यंत्रच बी फोडतंय.

बीजप्रक्रियेचं काम पेरणीच्या दिवशी सावलीत करायचं. क्रम ठरलेला आहे: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू संवर्धक. कार्बोक्झिन आणि थायरम यांचं मिश्र बुरशीनाशक किलोला ३ ग्रॅम लावतात. ज्यांना रासायनिक नको त्यांनी ट्रायकोडर्मा ८ ते १० ग्रॅम लावावं. खोडमाशीचा त्रास असलेल्या भागात थायोमेथोक्झाम ३० एफएस किलोला १० मिलिलिटर. बुरशीनाशक आणि कीटकनाशक सुकल्यावर, पेरणीच्या अगदी आधी, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम आणि तितकंच स्फुरद विरघळवणारं संवर्धक. सोयाबीनला लागणारं रायझोबियम हे सोयाबीनचंच हवं. हरभऱ्याचं किंवा तुरीचं पाकीट चालत नाही. पाकिटावरची मुदत पाहा आणि ते उन्हात ठेवू नका, आत जिवंत जिवाणू असतात. बी घमेल्यात घालून हाताने रगडू नका, टरफल सुटतं. ताडपत्रीवर पसरून, ताडपत्रीची टोकं दोघांनी धरून हळूच घोळवा. हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच. औषध लावलेलं उरलेलं बी ना घरात ठेवायचं ना मोंढ्यावर विकायचं, आणि ते जनावरांच्या तोंडी लागणार नाही याची काळजी घ्यायची. पेरणीनंतर महिन्याभराने एखादं रोप मातीसकट उपटून मुळावरची गाठ नखाने फोडून पाहा. आत गुलाबी रंग दिसला तर जिवाणू हवेतला नत्र खेचतायत, आणि युरियाचं पोतं रानात नेण्याचं कारण उरत नाही.

खताबद्दल थोडक्यात. परभणी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश आणि २० किलो गंधकाची आहे. सोयाबीन तेलबिया असल्याने गंधक टाळू नका. डीएपीसाठी रांगेत उभं राहण्यापेक्षा सिंगल सुपर फॉस्फेटकडे वळलेलं मला अधिक शहाणपणाचं वाटतं: एकरी तीन पोती सुपर फॉस्फेट दिलं की स्फुरद पूर्ण होतं आणि गंधक त्यातच येतं. सोबत अर्ध्या पोत्याच्या आसपास युरिया आणि २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश. खत आणि बी एकाच नळीतून सोडू नका. खत बियाच्या खाली आणि बाजूला पडायला हवं. चिकटून पडलं तर कोवळं मूळ जळतं. कुजलेलं शेणखत एकरी दोन टन मिळालं तर ते शेवटच्या वखरपाळीआधी पसरा. न कुजलेलं मुळीच नको, त्यातून हुमणी येते.

माती परीक्षण केलेलं असेल तर या आकड्यांत वजाबाकी करता येते. नमुना उन्हाळ्यात, खत टाकण्याआधी घ्यायचा असतो. बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाखालची जागा सोडून नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडा, सगळी एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. दोन वेगळ्या पोताच्या जमिनींची माती एकत्र केली तर त्या अहवालाचा उपयोग दोन्ही रानांना होत नाही.

तिसरं मोजमाप पावसाचं. कृषी विद्यापीठं आणि कृषी विभाग दरवर्षी सांगतात की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. दरवर्षी हजारो शेतकरी त्याआधी पेरतात. ते बेफिकीर असतात म्हणून नव्हे. शेजाऱ्याचं रान हिरवं दिसायला लागलं की थांबणं अवघड जातं, आणि ट्रॅक्टर उद्या मिळेल की नाही याची खात्री नसते. पण या आकड्यामागचं कारण ध्यानात घेतलं तर थांबणं सोपं जातं. सोयाबीनच्या बियाला उगवण्यासाठी स्वतःच्या वजनाच्या सुमारे निम्मं पाणी शोषावं लागतं, मक्याला तीस टक्के पुरतं. वीस-तीस मिलिमीटरच्या एका सरीत तापलेल्या काळ्या जमिनीचा वरचा चार बोटांचा थर भिजतो. बी पाणी पितं, फुगतं, कोंब हलतो, आणि दोन उन्हाळी दिवसांत तो थर पुन्हा सुकतो. खालची माती अजून कोरडी आणि गरम असते, ती वरची ओल खेचून घेते. एकदा फुगून सुकलेलं बी पुन्हा उगवत नाही. १०० मिलिमीटर म्हणजे एका एकरावर चार लाख लिटर पाणी. एवढं मुरल्यावरच उन्हाळाभर भेगाळलेल्या जमिनीतली वरची आणि खालची ओल एकमेकींना मिळते.

हा पाऊस महसूल मंडळाच्या केंद्रावर मोजलेला नको, तुमच्या रानात मोजलेला हवा. जूनचा पाऊस ढगाढगाने पडतो. मंडळाच्या नोंदीत ६० मिलिमीटर असतात आणि चार किलोमीटरवरच्या शिवारात २० सुद्धा पडलेले नसतात. त्यासाठी विकतचं यंत्र लागत नाही. तळ सपाट आणि वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचा कोणताही डबा चालतो. झाडापासून, घरापासून लांब, मोकळ्या जागी खांबावर घट्ट बांधा. रोज सकाळी साडेआठला आत पट्टी उभी धरून पाणी मोजा, जितके मिलिमीटर तितका पाऊस, मग डबा रिकामा करा. निमुळत्या तळाची बादली किंवा शीतपेयाची बाटली घेतली तर हा हिशेब चुकतो. वहीत तारीख आणि आकडा लिहीत जा. ही वही पुढे पीकविम्याच्या वादात सरकारी आकड्याची जागा घेऊ शकत नाही, पण पेरायचं की थांबायचं हे ठरवायला तिच्याहून चांगला सल्लागार नाही.

बेरीज शंभराला पोचली तरी एकदा कुदळ घ्या. सगळा पाऊस तासाभरात धो-धो पडला असेल तर बराचसा वाहून गेलेला असतो. रानात तीन-चार ठिकाणी खणून पाहा. वीतभर खोलीपर्यंत माती सलग ओली असली पाहिजे, मध्ये कोरडा पट्टा नको. मूठभर माती दाबल्यावर गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून सोडल्यावर फुटला तर वापसा आहे. न फुटता चिकटून राहिला तर अजून एक-दोन दिवस थांबा. ओल्या काळ्या मातीत यंत्र घातलं तर तासाच्या भिंती लिंपल्यासारख्या होतात, बियाला हवा मिळत नाही आणि ते कुजतं.

नक्षत्रांच्या आणि पंचांगाच्या तारखांबद्दलही बोललं पाहिजे. मृग ७ किंवा ८ जूनला लागतो आणि त्या दिवसाला आपल्याकडे मान आहे, तो राहू द्यावा. पण २०२३ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत २५ जूनला पोचला, आणि २०२५ मध्ये २६ मे रोजीच. २०२५ मधला तो लवकरचा पाऊस पाहून पेरणीची घाई सुरू झाली आणि नंतर जूनच्या पूर्वार्धात मोसमी वाऱ्यांची वाटचालच थांबली. तारखेवर पेरलं असतं तर एका वर्षी कोरड्यात आणि दुसऱ्या वर्षी खंडात सापडलो असतो. परभणी विद्यापीठाची कृषी हवामान पत्रिका दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघते आणि त्यात पुढच्या काही दिवसांचा जिल्हानिहाय अंदाज असतो. आपल्या वहीतला आकडा आणि ती पत्रिका, दोन्ही समोर ठेवून निर्णय घ्या.

पेरताना खोली ३ ते ५ सेंटिमीटर, त्याहून खाली नाही. मक्याचं, ज्वारीचं बी जमिनीखालीच राहतं आणि पान वर येतं. सोयाबीनची दोन जाड दलं मात्र स्वतः माती फोडून वर येतात. दांडा वाकून त्यांना ओढत आणतो. सहा-सात सेंटिमीटर खाली बी गेलं, किंवा पेरणीनंतर जोराची सर येऊन वर कडक पापडी बसली, तर दांडा मोडतो. शक्य असेल तर रुंद वरंबा-सरी यंत्राने पेरा. वरंब्यावर चार ओळी आणि दोन्ही बाजूंनी सरी: जास्त पावसात पाणी निघून जातं आणि खंडात सरीतली ओल उपयोगी पडते. ते यंत्र नसेल तर साध्या यंत्राचं एक चाडं बंद करून चार किंवा सहा ओळींनंतर एक ओळ मोकळी सोडा आणि डवऱ्याला दोरी बांधून तिथे सरी पाडा. ओळी उताराला आडव्या असाव्यात. चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर हे जोडपीक मला निव्वळ सोयाबीनपेक्षा केव्हाही सुरक्षित वाटतं. ऑक्टोबरात सोयाबीनचं जे व्हायचं ते झाल्यावरही तुरीची खोल मुळं खालच्या ओलीवर जगतात.

२०२२ मध्ये लातूर, धाराशिव, बीड भागात शंखी गोगलगायींनी उगवलेली रोपं रातोरात खाल्ली आणि अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. जिथे त्या मागे दिसल्या आहेत, तिथे पेरणीआधीपासूनच बांधावरचं गवत आणि कचरा काढा. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधाच्या कडेने पसरा. पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा करा आणि मिठाच्या पाण्यात बुडवा. सगळ्या गावाने मिळून केलं तरच याचा उपयोग होतो, एकट्याच्या रानात केलं तर शेजारच्या बांधावरून त्या पुन्हा येतात.

आणि पाऊस लांबलाच तर? जूनचा दुसरा पंधरवडा ते जुलैचा पहिला आठवडा हा सोयाबीनचा चांगला काळ. त्यानंतर झाडाची वाढ खुंटते आणि उत्पादन घटत जातं, तरी १५ जुलैपर्यंत लवकर येणाऱ्या वाणाची पेरणी करता येते. अशा वेळी बियाण्याचं प्रमाण थोडं वाढवा. १५ जुलैनंतर सोयाबीन पेरू नका, घरात बी तयार असलं तरीही. ते रान तुरीला, सूर्यफुलाला किंवा बाजरीला द्या. म्हणून सोयाबीनची पोती लावताना त्यांच्याशेजारी तुरीच्या बियाण्याची एक पिशवी आत्ताच ठेवा; जुलैच्या मध्यावर सगळा तालुका तूर शोधायला निघेल तेव्हा ती दुकानात मिळणार नाही.